निकिता ख्रुश्चेव्ह : गुराखी ते महासत्तेचे नेते



शीतयुद्धाचा पाठ शिकवताना मुलांना हमखास प्रश्न पडतो, की अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एवढे कट्टर शत्रू होते, तर त्यांच्यात थेट युद्ध का झालं नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला निकिता ख्रुश्चेव्ह यांचं चरित्र उपयोगी पडतं.

त्यांचा जन्म १८९४ साली रशियातल्या कालिनोव्का या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शाळा जेमतेम काही वर्षंच मिळाली. लहानपणी गुरं राखली, पुढे खाणींमध्ये फिटर म्हणून काम केलं. १९१८ साली ते बोल्शेविक पक्षात गेले. स्टालिनच्या दडपशाहीत त्यांचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. पण स्टालिनच्या मृत्यूनंतर ते पक्षप्रमुख झाले आणि १९५६ साली त्यांनीच स्टालिनच्या अत्याचारांवर टीका केली. त्याच वर्षी हंगेरीतला उठाव मात्र रणगाडे पाठवून चिरडला.

१९५५ साली जिनिव्हात ते प्रथम अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना भेटले. १९५९ साली ते स्वतः अमेरिकेला गेले आणि कॅम्प डेव्हिडला चर्चा झाली. संबंध सुधारतायत असं वाटत असतानाच, १ मे १९६० रोजी रशियाने अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरी विमान पाडलं. आयसेनहॉवर यांनी माफी मागावी अशी मागणी ख्रुश्चेव्ह यांनी केली, पण आयसेनहॉवर यांनी ती मागितली नाही. झालं! पॅरिसची शिखर परिषद सुरू होताच मोडली. जून १९६१ मध्ये व्हिएन्नात केनेडींशी दोन दिवस बोलणी झाली, तीही कडवटपणे संपली. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या दारात पोचलं. तेव्हा दोघं भेटले नाहीत, पण पत्रं लिहीत राहिले. क्यूबावर हल्ला न करण्याचं वचन केनेडींनी दिलं, तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचंही गुपचूप कबूल केलं. ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं परत नेली. एकेक संदेश पोचायला कित्येक तास लागले होते, म्हणून १९६३ साली दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची हॉटलाइन आली. ती टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती! त्याच वर्षी अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करारही झाला.

१९६४ साली सहकाऱ्यांनीच त्यांना पदावरून काढलं. ११ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात नकाशावर मॉस्को, वॉशिंग्टन आणि क्यूबा दाखवून ही गोष्ट जरूर सांगा. भेट फसली तरी बोलणं बंद करायचं नसतं, आणि एक पाऊल मागे घेणं म्हणजे हरणं नव्हे, हे मुलांना यातून छान समजतं.