टी-वन, टी-टू आणि फेलिक्स ब्लॉख

पाचोऱ्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट’ लिहिलं की घरात पहिला प्रश्न तोच: सुईतून डाय सोडतात म्हणे, काही होणार तर नाही ना? मग जळगावची गाडी पकडायची, आणि परतताना हातात ती काळी फिल्म. रिपोर्टमध्ये टी-वन, टी-टू असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही भानगड १९४६ मध्ये ज्याने कागदावर मांडली, तो डॉक्टर नव्हताच.

फेलिक्स ब्लॉख. जन्म झुरिचचा, २३ ऑक्टोबर १९०५. अॅडमिशन घेतली इंजिनिअरिंगला, पण जीव फिजिक्समध्ये रमला, मग सरळ शाखा बदलली. (घरी काय झालं असेल, तुम्हीच विचार करा!) लाइपझिगला १९२८ मध्ये पीएचडी, हायझेनबर्गचा पहिलाच विद्यार्थी. धातूतून इलेक्ट्रॉन कसे फिरतात याचं त्याचं गणित आजही सॉलिड स्टेटच्या पेपरला येतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ब्लॉख ज्यू. त्याने जर्मनी सोडली आणि वर्षभरात तो अमेरिकेत स्टॅनफर्डला पोचला.

युद्धात तो काही काळ लॉस अलामॉसला, नंतर शत्रूचं रडार चकवण्याच्या कामावर होता. तिथली रेडिओविद्या पुढे कामी आली. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरीने ढकललं की ते कलतं आणि बारीकसा सिग्नल देतं. परत जागेवर यायला लागणारा वेळ तो टी-वन. सगळ्यांची एकत्र लय सुटायला लागणारा, तो टी-टू. यासाठी १९५२ चं नोबेल त्याला आणि पर्सेलला मिळालं. पर्सेलने हार्वर्डला स्वतंत्रपणे तेच शोधलं होतं.

त्याच काळात ब्लॉखने पाण्यात फेरिक नायट्रेट, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळून पाहिला. परतीचा वेळ घटला. आजचा डाय हीच युक्ती वापरतो, फक्त लोहाऐवजी गॅडोलिनियम. निरोगी मेंदूत तो सहसा शिरत नाही, रक्तवाहिन्यांची भिंत अडवते. गाठीने किंवा संसर्गाने भिंत फुटली असेल तिथे झिरपतो, आणि टी-वन चित्रात ती जागा पांढरी चमकते.

आता भीतीचं. सुटं गॅडोलिनियम विषारीच. म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पिंजऱ्यात बांधून देतात आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी फार खराब असेल तर ते रेंगाळतं. २००६ मध्ये अशाच पेशंटमध्ये कातडी कडक करणाऱ्या एनएसएफ या आजाराशी त्याचा संबंध आढळला. तेव्हा सेंटरवाले क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, त्यावर वैतागू नका. थोडे अंश मेंदूत उरतात हेही २०१४ पासून दिसू लागलं. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपने २०१७ मध्ये सैल पिंजऱ्याच्या बऱ्याच डायचा वापर थांबवला. अॅलर्जी क्वचितच होते. पण आधी झाली असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर आधीच सांगायचं. एक्स-रेसारखे किरण मात्र इथे नसतात.

स्टॅनफर्डला एक भारतीयही होते, एस. एस. धर्मट्टी. १९५१ मध्ये त्यांनी अर्नोल्ड आणि पॅकार्डसोबत दाखवलं की इथेनॉलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगळे सिग्नल देतात. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये या विद्येची लॅब त्यांनीच उभी केली.

ब्लॉख सप्टेंबर १९८३ मध्ये झुरिचलाच गेला. तोवर मेंदूचे एमआरआय निघू लागले होते. गॅडोलिनियमच्या डायला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९८८ मध्ये.