द्वारपाल संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज

नित्य कुदळ धरणाऱ्या हातास घट्टे पडतात. पुढें तो हात न सांगतां आपलें काम करूं लागतो. धर्माचरणाचेंहि तसेंच आहे. तें एका दिवसांत अंगवळणीं पडत नाहीं; परंतु एकदां पडलें म्हणजे संकटांतहि सुटत नाहीं. संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज ह्यांचें चरित्र ह्याची साक्ष देतें.

स्पेन देशांतील सेगोव्हिया शहरीं इ. स. १५३२ च्या सुमारास एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. येशूसंघाच्या आद्य सभासदांपैकीं फादर पीटर फेबर हे त्या घरीं कांहीं काळ पाहुणे होते. बाल आल्फोन्सस ह्यांची प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी त्यांनींच करून घेतली. पुढें वडील वारल्यामुळें शिक्षण अर्धवट टाकून त्यांस दुकान सांभाळावें लागलें. विवाह झाला, मुलें झालीं. परंतु व्यापार बसत गेला आणि पत्नी, मुलें व आई हीं सर्व एकामागून एक निवर्तलीं.

ह्या दुःखानें ते देवापासून दुरावले नाहींत. प्रार्थना, उपवास व पापनिवेदन ह्यांचा त्यांनीं कडक नेम धरला. येशूसंघांत प्रवेश मागितला, तेव्हां वय अधिक, प्रकृति क्षीण व विद्या अपुरी म्हणून नकार मिळाला. तेव्हां चाळिशीच्या उंबरठ्यावर असतांहि लहान मुलांच्या शेजारीं बसून ते लॅटिन शिकूं लागले. अखेर १५७१ सालीं त्यांस धर्मबंधु म्हणून घेण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं माजोर्का बेटावरील पाल्मा शहरीं, मोंतेसियोन विद्यालयांत, त्यांची रवानगी झाली.

तेथें ते द्वारपाल झाले. आल्यागेल्याची वर्दी देणें, निरोप पोहोंचविणें, गरिबांची विचारपूस करणें, हेंच त्यांचें कित्येक वर्षांचें काम. प्रार्थनेंत मन रमावें, तोंच दार वाजावें! परंतु बाहेर साक्षात् प्रभु येशूच उभा आहे, असें मानून दार उघडण्याचा त्यांनीं नेम केला. सरदार येवो वा भिकारी, भाव तोच. हें त्यांस सहज साधलें असें नव्हे. मनाचा कोरडेपणा व मोह ह्यांनीं त्यांस दीर्घकाळ छळलें. मात्र मन लागो वा न लागो, त्यांनीं नेम मोडला नाहीं.

१६०५ सालीं पीटर क्लेव्हर हा तरुण त्या विद्यालयांत शिकावयास आला. ह्या वृद्ध द्वारपालानें त्यास अमेरिकेंतील सेवेची प्रेरणा दिली. १६१० सालीं क्लेव्हर तिकडे गेले व कार्ताहेना येथें आफ्रिकन गुलामांच्या सेवेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें. पुढें १८८८ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं गुरुशिष्य दोघांसहि एकाच दिवशीं संतपद दिलें.

वार्धक्यांत आल्फोन्सस ह्यांची स्मृति ढळली. तोंडपाठ प्रार्थनाहि आठवेनात. तरीहि ३१ ऑक्टोबर १६१७ रोजीं देह ठेवतांना येशूचें नांव त्यांच्या ओठांवर होतें. बुद्धीनें सोडलें तें सवयीनें धरून ठेविलें होतें.

वाचकहो, महोत्सव संपेल, तोरणें उतरतील. आपल्या घरची सायंकाळची जपमाळ व रविवारची मिस्सा मात्र पुढेंहि चालावयाची आहे. आणि उद्यां अवेळीं कोणी दार वाजवील, तेव्हां तें कोणत्या भावानें उघडावयाचें, ह्याचा सराव आजच सुरू करूं या.