खाटेजवळचा डॉक्टर : संत जोसेफ मोस्काती

१६ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभेत संत जोसेफ मोस्काती यांचे स्मरण केले जाते. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर पडत नाही. संत अंथनी किंवा आपले संत गोन्सालो गार्सिया यांच्यासारखी त्यांची तसबीर घराघरांत दिसत नाही. ते धर्मगुरू नव्हते, मठवासी नव्हते. इटलीतील नेपल्स शहरात सरकारी इस्पितळात नोकरी करणारे ते एक प्रापंचिक डॉक्टर होते.

त्यांची आठवण काढण्याचे कारण असे की हल्ली धर्मग्रामातील बरीच मुलेमुली एम.बी.बी.एस. होत आहेत. पुढे कोणती शाखा घ्यावी यावर घराघरांत चर्चा होते. मार्क किती, फी किती, रात्री-अपरात्री फोन येतील का, हे सारे पाहावेच लागते. त्यात आम्हांला काही गैर वाटत नाही. पण आजारी माणसाशी आपला संबंध कितपत राहील, हा प्रश्न क्वचितच कोणी काढतो. मोस्काती यांच्या आयुष्यात मात्र तोच प्रश्न मोठा ठरला.

त्यांचा जन्म २५ जुलै १८८० रोजी बेनेव्हेंतो येथे झाला. नऊ भावंडांत ते सातवे. वडील न्यायाधीश, पुढे त्यांची बदली झाली आणि कुटुंब नेपल्सला आले. घराण्याची वाट कायद्याची होती. पण जोसेफ बारा-तेरा वर्षांचे असताना सैन्यात असलेला मोठा भाऊ आल्बेर्तो घोड्यावरून पडला. डोक्याला मार लागला आणि त्याला फेफरे येऊ लागले. त्यावर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. भावाच्या खाटेजवळ बसून जोसेफ तासन् तास घालवीत. आजारी माणसाला औषधाइतकीच सोबत लागते, हे ते तिथे शिकले, असे आम्हांला वाटते. १८९७ साली त्यांनी मेडिकलला प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वडील वारले. इतक्या हळव्या मुलाला इस्पितळातले दुःख कसे सोसवेल, अशी आईला काळजी होती. त्यांनी मात्र माघार घेतली नाही.

१९०३ साली ते उत्तम गुणांनी डॉक्टर झाले आणि ‘इन्क्युराबिली’ या जुन्या इस्पितळात दाखल झाले. नावाचा अर्थच ‘बरे न होणारे’. सोळाव्या शतकात मारिया लोरेन्झा लोंगो नावाच्या विधवेने ते इस्पितळ गरिबांसाठी उभारले होते. (या माउलीला २०२१ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.)

एप्रिल १९०६ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या डोंगराच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको येथे इस्पितळाची एक शाखा होती. तिथले बहुतेक रुग्ण म्हातारे, पक्षाघात झालेले, अंथरुणाला खिळलेले. मोस्काती तिकडे धावले आणि राखेच्या पावसात एकेकाला बाहेर काढवून घेतले. शेवटचा रुग्ण बाहेर पडला आणि थोड्याच वेळात राखेच्या भाराने छप्पर कोसळले. नंतर त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून मदतनिसांचे कौतुक करण्याची विनंती केली. स्वतःचे नाव मात्र पुढे येऊ दिले नाही.

एवढ्यावरून कोणाला वाटेल की ते फक्त दयाळू डॉक्टर होते. तसे नाही. ते पक्के शास्त्रज्ञही होते. शरीरातील रसायनांचा अभ्यास हा त्यांचा विषय. १९११ साली त्या विषयात विद्यापीठात शिकवण्याची पात्रता त्यांना मिळाली. प्रयोगशाळा, शोधनिबंध, पुढे प्राध्यापकाची खुर्ची, अशी सरळ वाट समोर होती. पहिल्या महायुद्धात इस्पितळ जखमी सैनिकांनी भरून गेले. सुमारे ३,००० सैनिक त्यांच्या हाताखालून गेले. आणि १९१७ साली त्यांनी विद्यापीठातील त्या विषयाचे काम सोडले व आपला मित्र गाएतानो क्वाल्यारिएल्लो याला वाट करून दिली. स्वतः वॉर्डात राहिले. १९१९ साली ते पुरुषांच्या तिसऱ्या वॉर्डाचे प्रमुख झाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा आमच्यासमोर आला होता. वैद्य ‘मनुष्यजात’ बरी करीत नाही, तो समोर बसलेल्या एका नावागावाच्या माणसाला बरे करतो. मोस्काती यांनी निवडलेली सामान्य रोगनिदानाची शाखा नेमकी ही आहे. तिथे एखादा अवयव येत नाही, अख्खा माणूस येतो. त्याचे घर, पोटापाण्याची चिंता आणि भीती घेऊन येतो. प्रयोगशाळेला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांची आई १९१४ साली मधुमेहाने वारली, तेव्हा इन्सुलिन नव्हते. ते निघाल्यावर नेपल्समध्ये ते वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत मोस्काती होते. रसायनशास्त्र त्यांनी वॉर्डात सोबत आणले होते.

त्यांनी लग्न केले नाही. बहीण नीना घर सांभाळी. सकाळी मिस्सा व ख्रिस्तप्रसाद, मग इस्पितळ, दुपारी घरी रुग्ण. बाहेरच्या खोलीत पैशांसाठी एक टोपली असे. ज्याला जमेल त्याने टाकावे, ज्याला गरज असेल त्याने त्यातून उचलावे. गरिबाच्या चिठ्ठीत औषधाच्या नावाबरोबर नोटही घडी करून ठेवलेली सापडे. एक गोष्ट आम्हांला विशेष आवडते. एका म्हाताऱ्याच्या प्रकृतीवर रोज नजर ठेवणे जरूर होते. डॉक्टरांना रोज त्याच्या घरी जाणे जमणारे नव्हते. म्हणून त्याने सकाळी वाटेवरच्या हॉटेलात बसून त्यांच्या खात्यावर दूध प्यावे, असे ठरले. इस्पितळात जाताना डॉक्टर आत डोकावत. म्हातारा दिसला नाही, तर त्याचे घर गाठत.

औषध देण्याआधी ते रुग्णाला पापनिवेदन केव्हा केले, असेही विचारीत. विद्यापीठातील काही सहकाऱ्यांना ते रुचत नसे. आजच्या डॉक्टरांनी हे जसेच्या तसे करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण रुग्णाच्या मनात काय सलते आहे याची चौकशी करायला त्यांच्यापाशी वेळ असे, हे खरे.

१२ एप्रिल १९२७, पवित्र सप्ताहातील मंगळवार. मिस्सा झाली, वॉर्डातील फेरी झाली, दुपारी घरी रुग्ण तपासणे सुरू झाले. तीनच्या सुमारास त्यांना बरे वाटेना, ते आपल्या खुर्चीत बसले आणि तिथेच प्राण सोडला. वय ४६. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना धन्यवादित, तर २५ ऑक्टोबर १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत घोषित केले. तेव्हा रोममध्ये प्रापंचिकांविषयी बिशपांची सभा चालू होती.

नेपल्सच्या जेझू नुओव्हो चर्चमध्ये त्यांची कबर आहे. बहिणीने त्यांच्या वस्तू येशूसंघीय धर्मगुरूंच्या हवाली केल्या. तिथल्या खोल्यांत त्या मांडून ठेवल्या आहेत. त्यांत ती खुर्चीही आहे.