नीरेत लोह शोधणाऱ्या कमला सोहोनी
दुर्गा भागवत सगळ्यांना ठाऊक. त्यांची सख्खी बहीण कमला फारशी कुणाला माहीत नाही. जन्म १९११, इंदूर. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. १९३३ मध्ये अटी घालून वर्षभरासाठी प्रवेश मिळाला, तिथे दूध-डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी.

पुढे मुंबईत, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. (ताडी नव्हे, न आंबलेला गोड रस!) त्यात लोह सापडलं, शिवाय अ आणि क जीवनसत्त्वं. हिमोग्लोबिनला लोह लागतं आणि ते शोषायला 'क' मदत करतं, म्हणजे जोडी नेमकी. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर प्रकृती सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्या गेल्या.