ताऱ्यांची फेरतपासणी करणारे अल-सूफी

नाव ऐकून कुणाला एखाद्या दर्ग्यातले पीर आठवतील, पण अब्द अल-रहमान अल-सूफी ओळखले जातात ते ताऱ्यांसाठी. इ.स. ९०३ मध्ये इराणमधील रय या शहरात त्यांचा जन्म झाला. हे जुने शहर आजच्या तेहरानला लागूनच आहे. पुढे बुवैही घराण्यातील अमीर अदुद-उद-दौला यांचा आश्रय त्यांना लाभला. इस्फहान आणि शिराझ ही त्यांची कर्मभूमी. तारे ओळखायला आपण अल-सूफींकडून शिकलो, हे सांगण्यात त्या बलाढ्य अमिराला कमीपणा वाटत नसे.

त्या काळी आकाशाचा शेवटचा शब्द म्हणजे टॉलेमीचा ग्रंथ. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात लिहिलेला हा ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आला होता. त्यात ४८ तारकासमूह आणि हजारावर ताऱ्यांची यादी होती. पण यादी हाती आली की माणसे वर बघायचे सोडून देतात. एका खगोलावरून दुसरा खगोल बनायचा, एका पोथीवरून दुसरी पोथी उतरायची आणि पहिल्याची चूक दुसऱ्यात तशीच यायची. अल-सूफींची खरी तक्रार हीच होती. त्यांनी टॉलेमीला नाकारले नाही, त्याची यादी हातात घेऊन एकेक तारा पुन्हा पाहिला. किती तेजस्वी, रंग कसा, सांगितलेल्या जागी आहे की नाही, सगळे नोंदवले. दुर्बिणीचा शोध लागायला अजून साडेसहाशे वर्षे होती. हे सारे काम नुसत्या डोळ्यांचे.

इ.स. ९६४च्या सुमारास त्यांचा स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ तयार झाला. प्रत्येक तारकासमूहाची त्यात दोन चित्रे आहेत. एक आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलावर दिसते तसे. आकाश आपण आतून पाहतो आणि खगोल बाहेरून, त्यामुळे आकृती आरशातल्यासारखी उलटते. नवशिक्याची इथेच फसगत होते, हे या शिक्षकाला ठाऊक होते.

सगळेच त्यांनी नव्याने मोजले असे मात्र नाही. ताऱ्यांच्या स्थानांसाठी त्यांनी टॉलेमीच्याच आकड्यांत सरसकट १२ अंश ४२ कला मिळवल्या. ताऱ्यांची जागा ६६ वर्षांत एक अंश सरकते, असा त्यांचा हिशेब होता. आजचा आकडा सुमारे ७२ वर्षांचा आहे. त्यांचे मोठेपण स्थानांच्या कोष्टकात नाही, तेजस्वितेच्या नोंदींत आहे.

ग्रीक आकृत्यांच्या जोडीला त्यांनी अरबांची जुनी तारकानामेही लिहून ठेवली. अरबस्तानातले भटके लोक चंद्राच्या वाटेवर २८ मुक्काम मानत. आपल्याकडच्या २७ नक्षत्रांचीच ही बहीण म्हणायची. आपली कृत्तिका म्हणजे त्यांची सुरय्या. मुलीचे हे नाव किती घरांत आहे, पण त्यामागचा तारकागुच्छ किती जणांना माहीत असतो? रोहिणीचा तारा त्यांचा दबरान, म्हणजे सुरय्याच्या मागून येणारा. आपला शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो, तसाच तो अरबही ताऱ्यांवरून पावसाचा अंदाज बांधत असे. चंद्राचे महिने ऋतूंना बांधलेले नाहीत, म्हणून तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. पाऊस आणि थंडी कळण्यासाठी तारेच उपयोगी.

या नोंदींत काही जागी तारा नव्हता, नुसता पुसटसा डाग होता. देवयानी तारकासमूहाजवळ, अरब ज्याला मोठा मासा म्हणत त्याच्या तोंडापाशी त्यांनी एक छोटा ढग दाखवला. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेले ताऱ्यांचे दुसरे विश्व. तिची ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी नोंद. श्रवण आणि अभिजित यांच्या दरम्यान त्यांना असाच एक धूसर पुंजका दिसला, आणि दक्षिणेला क्षितिजापासून थोड्याच उंचीवर आणखी एक. हा दक्षिणेकडचा आज खरा तारकागुच्छ म्हणून ओळखला जातो. पहिला मात्र फसवा निघाला. त्यातले तारे एका रेषेत दिसतात इतकेच, त्यांची अंतरे वेगवेगळी आहेत, हे उपग्रहाच्या मोजमापांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. तरी अल-सूफींचा गुच्छ हे नाव त्याला चिकटून राहिले आहे.

आपल्या शहरांच्या गच्चीवरून यांतले काय दिसते? देवयानीचा ढग रस्त्यावरच्या दिव्यांनी केव्हाच गिळला. तारकागुच्छ मात्र टिकून आहेत, आणि लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडणारे हौशी लोक त्यांच्याच मागे असतात. कारण साधे आहे. दिव्यांचा उजेड सगळ्या चित्रावर सारखा पसरतो. ढगासारख्या वस्तूचा मंद प्रकाशही पसरलेला, म्हणून तो त्यात बुडतो. ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात गोळा होतो, म्हणून तो वर उठून दिसतो. एकच लांबलचक फोटो घेतला तर आकाश पांढुरके होऊन जाते. म्हणून काही सेकंदांचे शंभरेक फोटो काढून ते संगणकावर एकावर एक रचतात आणि मागचा उजेड वजा करतात. अल-सूफींचा गुच्छ आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या तिपटीहून रुंद आहे. मोठ्या दुर्बिणीत तो मावत नाही, छोट्या दुर्बिणीत नीट बसतो. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी दहा तारे कपडे टांगायच्या हँगरसारखे मांडलेले दिसतात. साध्या द्विनेत्रीनेही दिसतात.

अल-सूफी इ.स. ९८६ मध्ये वारले, वय ८२. त्यांनी अमिरासाठी घडवलेला चांदीचा खगोल पुढच्या शतकात कैरोच्या ग्रंथालयात पाहिल्याची नोंद आहे. ग्रंथाची हिजरी ४०० मधील एक सचित्र प्रत ऑक्सफर्डला आहे, ती बराच काळ त्यांच्या मुलाच्या हातची मानली गेली. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसींनी ग्रंथ फारसीत आणला. पंधराव्या शतकात समरकंदला वेधशाळा उभारणाऱ्या उलुघ बेगकडेही त्याची प्रत होती. मूळ अरबी ग्रंथ १९५४ मध्ये छापला गेला तो हैदराबादेत, दायरतुल मआरिफ या संस्थेकडून. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते.