डॉ. होमी भाभा आणि आपल्या वर्गातील दिवे

डॉ. होमी भाभा हे माझे आवडते शास्त्रज्ञ आहेत. आपल्या जवळच्या तारापूरशी त्यांचे नाव जोडलेले आहे, म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईला एका पारशी घरात झाला. वडिलांचे नाव जहांगीर आणि आईचे नाव मेहेरबाई. वडील बॅरिस्टर होते. त्यांना वाटे, मुलाने इंजिनिअर व्हावे. म्हणून १९२७ साली होमी इंग्लंडला केंब्रिजला शिकायला गेले. तिथे ते इंजिनिअर तर झालेच, पण त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. मग ते विज्ञानही शिकले. त्यांना चित्रे काढायला, गाणे ऐकायला आणि झाडे लावायला फार आवडायचे.

१९३९ साली ते सुट्टीत भारतात आले आणि तिकडे महायुद्ध सुरू झाले. मग ते बंगळूरला शिकवू लागले. १९४५ साली त्यांनी टाटांच्या मदतीने संशोधनाची संस्था काढली. मुंबईत कुलाब्याला अगदी समुद्राकाठी तिची मोठी इमारत आहे. १९६२ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. आता त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा आहे. १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा नावाची अणुभट्टी सुरू झाली. नंतर त्यांनी तारापूरचे काम हाती घेतले. ते भारतातील पहिले अणुवीज केंद्र.

पण २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून ते वारले. तारापूरची वीज १९६९ साली मिळू लागली. ती काही त्यांना बघायला मिळाली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

अणुवीज कशी होते ते गुरुजींनी आम्हाला सांगितले. युरेनियमच्या कांड्यांतून उष्णता निघते. पाण्याची वाफ होते. वाफेने मोठे चाक फिरते आणि वीज तयार होते. पण उष्णता हवी तेवढीच निघाली पाहिजे. म्हणून तिथे वेगळ्या सळया असतात. त्या आत सरकवल्या की काम मंदावते, बाहेर काढल्या की वाढते. याला नियंत्रण म्हणतात.

मला वाटते, वीज करताना जर एवढे नियंत्रण लागते, तर वापरताना पण पाहिजे. मोठ्या कॉलेजांत शेकडो दिवे असतात. काही नव्या इमारतींत माणूस आला की दिवा लागतो आणि गेला की आपोआप विझतो. उजेड भरपूर असला तर खिडकीजवळचे दिवे आपोआप मंद होतात. आपल्या शाळेत तसे यंत्र नाही. पण आपल्याला डोळे आहेत आणि हात आहेत.

आपल्या वर्गात चार ट्यूब आहेत. खिडकीकडे दोन आणि आतल्या भिंतीकडे दोन. दोन्हीची बटणे वेगळी आहेत. एक ट्यूब २० वॉटची. खिडकीकडच्या दोन ट्यूब रोज ५ तास बंद ठेवल्या तर २ × २० × ५ = २०० वॉट-तास वाचतात. पाच दिवसांत १००० होतात, म्हणजे एक युनिट. पावसाळ्यात अंधारून आले तर लावायच्याच, कारण डोळे पण जपले पाहिजेत. मधल्या सुट्टीत मात्र सगळ्याच बंद. ज्याची पाळी त्याने बटणे बघायची.

माझी आजी सांगते, ती लहान असताना रॉकेलच्या चिमणीवर सगळे चालायचे. तारापूरचे तिसरे-चौथे युनिट बांधताना अक्करपट्टी आणि पोफरण गावच्या लोकांना घरेदारे सोडून दुसरीकडे जावे लागले. ती आपलीच माणसे आहेत. उजेड असा फुकट येत नाही. म्हणून रिकाम्या वर्गात दिवा जळताना दिसला की मी बटण बंद करतो. तुम्ही पण करा. पालकांनी घरी पण करावे.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी