सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो

मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो (८ मे १८५५, आसगाव, बार्देस, गोवा – ४ एप्रिल १९२२, लिस्बन) हे कोकणीचे कोशकार, संस्कृतचे प्राध्यापक आणि आशियातील पोर्तुगीज क्रिओल बोलींचे आद्य अभ्यासक होते. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी रोम येथे उच्च शिक्षण घेतले. पुढे सिलोन, बंगाल, होनावर अशा ठिकाणी त्यांची नेमणूक झाली. चर्चच्या कामासाठी झालेली ही भ्रमंतीच त्यांच्या भाषाभ्यासाची शिदोरी ठरली.

पोर्तुगीजांच्या ठाण्यांभोवती पोर्तुगीज शब्द आणि स्थानिक भाषांचे वळण यांच्या मिश्रणातून नव्या बोली जन्मल्या. सुशिक्षित लोक त्यांना मोडकीतोडकी पोर्तुगीज समजत. दालगादो यांनी मात्र त्यांचे उच्चार, व्याकरण व शब्दसंग्रह काळजीपूर्वक नोंदवले. सिलोन (१९००), दमण (१९०३), मुंबई व उत्तर कोकण (१९०६) आणि नागपट्टण (१९१७) येथील बोलींवर त्यांचे स्वतंत्र लेखन आहे. सिलोनमधील पोर्तुगीज सत्ता १६५८ मध्ये संपली. तरीही तेथील बर्गर समाजाने, त्यातील डच वंशाच्या कुटुंबांनीही, ही बोली घरात जपली. गोव्यात घरची भाषा कोकणीच राहिल्याने अशी बोली तेथे रुजली नाही.

उत्तर कोकणातील या बोलींपैकी एक आजही रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात बोलली जाते. १७४० मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला. त्यानंतर मराठीच्या सहवासात तिच्या वाक्यातील क्रियापद शेवटी येऊ लागले. बोलणारे मात्र तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात.

दालगादो यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. कोकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे, असे त्यांचे मत होते. मराठी अभ्यासकांना ते रुचो वा न रुचो, त्यामागील व्यासंग नाकारता येत नाही. कोशातील कोकणी शब्द त्यांनी देवनागरीत दिले. त्यांच्या नावाने गोव्यात स्थापन झालेली अकादमी मात्र रोमी लिपीतील कोकणीचा पुरस्कार करते.

लिस्बनमध्ये ते १९०७ पासून संस्कृत शिकवीत. मधुमेहामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी लेखन थांबले नाही. लुसो-आशियाई शब्दकोशाचे दोन खंड (१९१९, १९२१) याच काळातले आहेत. कोकणीचे व्याकरण अपूर्ण राहिले. बटाटा, पगार, चावी, साबण असे पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले, हे दाखवणाऱ्या त्यांच्या १९१३ मधील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याहून निघाला.